तास कुठून घ्यायचा?

करोनाच्या टाळेबंदीनंतर आमच्या विभागात एक नवी पद्धत रुळली. विद्यापीठाच्या मुख्य परिसरात मी अर्थशास्त्राचा तास घ्यायचा आणि तोच तास उपपरिसरांतल्या मुलांनी पडद्यावर बघायचा. काहीजण घरून मोबाइलवर जोडलेले असत. वेळापत्रकात हा एकच तास होता, पण समोर बसलेल्यांना मिळायचा तो आणि लांबच्यांना मिळायचा तो, यांत फार अंतर होतं.

हे अंतर नेमकं कशाचं, ते एका विद्यार्थिनीमुळे कळलं. तोंडी परीक्षेच्या निमित्ताने उपपरिसरात गेले होते. जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "मॅडम, तिकडची मुलं हसली की आम्हाला कळतच नाही, कशाला हसली ते." माइक माझ्या कॉलरला लावलेला असे. बाकावरून कुणी शंका विचारली की तिचं उत्तर उपपरिसरापर्यंत पोचायचं, शंका मात्र वर्गातच राहायची. म्हणजे तिथल्या मुलांना सत्रभर नुसती उत्तरं ऐकू येत होती. अर्धवट समजलेलं कसं मांडावं, आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला कुठे अडतं, शिक्षकाला मध्येच थांबवायचं धाडस कसं करावं, हे सगळं वर्गात बसून आपोआप शिकायला मिळतं. नेमकं तेच त्यांच्या वाट्याला येत नव्हतं. पुढे प्रत्येक शंका मोठ्याने पुन्हा म्हणून मगच उत्तर द्यायचं असा नियम केला, वर्गात फिरता माइक आणवला. फरक पडला, पण थोडा.

लांबून शिकणं मुळातच कमी प्रतीचं असतं, असं मी मानत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक होते. १९८९ साली नाशिकला हे विद्यापीठ स्थापन झालं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीची वाट तिथे मोकळी होती. रविवारी तालुक्याच्या महाविद्यालयात संपर्कसत्र असायचं. अंगणवाडी सेविका यायच्या, एसटीतले वाहक यायचे, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका यायच्या. पुस्तक मराठीत आणि स्वतःचं स्वतः वाचता येईल असं लिहिलेलं, त्यामुळे धडा समजावून सांगा असं फार कुणी म्हणत नसे. मंडळी खुणा केलेली पानं घेऊन यायची आणि तिथूनच बोलायला सुरुवात करायची. माझा सबंध वेळ त्या खुणांवर जायचा. वाचणं घरी आणि अडलेलं सोडवणं केंद्रावर, अशी कामाची स्वच्छ वाटणी होती. आताच्या मिश्र पद्धतीत ही वाटणीच बहुतेक ठिकाणी नाही. वर्गातलं व्याख्यान आहे तसं उचलून पडद्यावर टाकलं जातं, त्यामुळे त्याला पुस्तकाचा निवांतपणाही नसतो आणि संपर्कसत्रातली जवळीकही नसते.

शिवाय हे व्याख्यान नेहमी मोठ्या गावाकडूनच लहान गावाकडे जातं. असं असलंच पाहिजे असं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक हे विद्यापीठ प्रशांत महासागरातले बारा देश मिळून चालवतात. १९६८ साली ते सुरू झालं आणि सत्तरच्या दशकातच उपग्रहाच्या मदतीने बेटाबेटांवरच्या केंद्रांशी त्याचं बोलणं सुरू झालं. मुख्य परिसर फिजीत, सुवा इथे. पण कायद्याचं शिक्षण वनुआतूतल्या पोर्ट व्हिला इथे उभारलेलं आणि शेतीचं सामोआतल्या अलाफुआला. कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी विद्येचं गाव पोर्ट व्हिला. मुख्य परिसरातल्याने लहान बेटाकडे कान लावून शिकायचं, ही त्या रचनेतली गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडेही टाटा समाजविज्ञान संस्थेने ग्रामीण विकासाचं शिक्षण तुळजापूरच्या परिसरात नेलं, आणि त्या विषयाची जागा तीच आहे.

म्हणून मी काही तास उपपरिसरात जाऊन तिथून घेऊ लागले. मुख्य परिसरातली मुलं त्या दिवशी पडद्यावर. हमीभावाचा धडा चालू होता. सरकारी खरेदीचा दर जास्त असताना शेतकरी कमी भावात का विकतो, असा प्रश्न मुख्य परिसरातून आला. मी काही बोलायच्या आत सोयाबीन पिकवणाऱ्या घरातला एक मुलगा उठला. खरेदी केंद्रावर ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. काढणीच्या वेळी पाऊस झाला की माल त्यात बसत नाही. आधी नोंदणी करा, मग आपला नंबर येईपर्यंत थांबा, मग पैसे खात्यात येईपर्यंत थांबा. तोवर रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असते आणि अडत्या रोख देतो. हे सगळं त्याने फळ्याजवळ येऊन, आकडे मांडून सांगितलं. मुख्य परिसरातल्या मुलांनी त्याला एकामागून एक शंका विचारल्या. त्या वर्षी उपपरिसराकडे कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलेलं मी प्रथमच पाहिलं.

नियमांची आता अडचण नाही. मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाची नियमावली विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली आणली, आणि २०२१ पासून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून घेण्याची मुभा आहे. मला भीती आहे ती दुसरीच. उपपरिसरातली रिकामी पदं भरण्याऐवजी तिथे एक पडदा लावायचा, पडद्यासमोरच्या वर्गावर तासिका तत्त्वावरचा एखादा तरुण बसवायचा, आणि त्याच्याकडून हजेरी घेण्यापलीकडे काही अपेक्षा ठेवायची नाही, हा मोह फार मोठा आहे. त्या खोलीतला माणूस हाच तिथल्या मुलांचा खरा शिक्षक असतो. पानावरची खूण त्यालाच दिसते. त्याला पूर्णवेळ नेमणूक हवी, विषयाच्या आखणीत आणि अंतर्गत मूल्यमापनात वाटा हवा. ते देता येत नसेल, तर विद्यापीठाने तिथे प्रवेशच देऊ नयेत.

पुढच्या सत्राचं वेळापत्रक करताना सगळ्या विभागप्रमुखांना माझी एवढीच विनंती आहे: प्रत्येक विषयाचे निदान काही तास उपपरिसरातून ठेवा, त्यासाठीचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात आधीच धरा, आणि त्यातला पहिला तास स्वतः जाऊन घ्या.