कधीमधी पडणारी मूठ

खांदा कॉलनीत गॅलऱ्यांना कबुतरांच्या जाळ्या लागल्या. सोसायटीच्या फळ्यावर ‘दाणे टाकू नयेत’ अशी सूचना लागली, तरी गच्चीच्या कठड्यावर पक्ष्यांची रांग असतेच. बहुतेक जण सूचना पाळतात. पण अमावास्येला कुणी ना कुणी मूठभर ज्वारी टाकतंच. ‘रोजचं तरी बंद झालं ना?’ असं म्हणून समिती समाधान मानते. गोम नेमकी तिथेच आहे.

१९३०च्या दशकात हार्वर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर उंदरांना दांडी दाबायला शिकवत होते. खाऊच्या गोळ्या ते स्वतःच यंत्रावर पाडत. एका शनिवारी दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की पुन्हा गोळ्या पाडत बसलं नाही, तर सोमवारी सकाळीच साठा संपणार. मग त्यांनी काटकसर केली. उंदराने दांडी कितीही वेळा दाबो, मिनिटाला एकच गोळी! उंदीर दाबत राहिले. पुढे खाऊ पूर्ण बंद केल्यावर दर खेपेला गोळी मिळालेल्यांनी लवकर नाद सोडला. कधीमधी मिळालेले मात्र कितीतरी वेळ दांडीला चिकटून राहिले.

रोज दाणा मिळणाऱ्याला तो बंद झाल्याचं चटकन कळतं. चार दिवस कोरडे, पाचव्या दिवशी दाणा, हे अंगवळणी पडलेल्या कबुतराला मात्र सहावा कोरडा दिवस नवा वाटतच नाही. याला मूर्खपणा म्हणू नये. वाघाच्या बहुतेक झडपा वाया जातात. दोनचार हुकल्या म्हणून शिकार सोडणारा वाघ जगलाच नसता.

ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि ६ तारखेला आंदोलकांनी ती ओढून काढली. श्रद्धा आणि फुप्फुसांचे आजार यांवर तेव्हा भरपूर वाद झाला. अर्धवट बंदीने पक्षी काय शिकतात, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

दाणा खरोखर थांबला, की आधी त्रास वाढतो. जेवताना ताटाशी बसणारा कुत्रा पोळी बंद झाल्यावर पहिल्यांदा जास्तच भुंकतो. कंटाळून तेव्हाच तुकडा टाकला, तर तो मोठ्याने भुंकायला शिकतो.

शिवाय मोडलेली सवय पुसली जात नाही. घंटेसारख्या खुणेनंतर खाणं मिळायची सवय झालेल्या, शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांना नुसत्या खुणेनेही लाळ सुटे. खाणं बंद करून ती थांबल्यावर मध्ये काही काळ गेला, की त्याच खुणेने ती पुन्हा सुटे. तेव्हा महिनाभर ओस पडलेल्या कठड्यावर दोन कबुतरं येऊन बसली, तर सूचना फसली असं समजायचं कारण नाही. तशीच बसू दिली, तर ती निघून जातात. ‘आलीच आहेत तर’ म्हणून ज्वारीचा डबा उघडला, की समितीला नवी सूचना लिहावी लागते.