अबोलांचा गोंगाट

हेवी मेटलच्या चाहत्याला नगर जिल्ह्यात तीर्थस्थान आहे असं म्हटलं, की लोक आधी लष्कराच्या रणगाडा संग्रहालयाकडे बोट दाखवतात. (जिल्ह्याचं सरकारी नाव २०२४पासून अहिल्यानगर; बोलताना जीभ अजून नगरवरच जाते.) विनोद बरा आहे, पण माझा रोख दौंड रस्त्यावरच्या अरणगावाकडे आहे. तिथे मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. बाबांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवला तोवर ते सोडलं नाही. त्यांच्या पाश्चात्त्य शिष्यांमधला सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे ‘द हू’ या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड. आणखी मोठा आवाज हवा, असा या माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्याने हट्ट धरला, म्हणून लंडनच्या जिम मार्शलने १९६५मध्ये शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर बांधले. मेटलच्या मंचावर मागे काळ्या पेट्यांची जी भिंत दिसते, तिचा पाया तिथे पडला. पुढे १९७६मध्ये लंडनच्या चार्लटन मैदानावर ‘द हू’ असे वाजले, की जगातली सर्वांत मोठ्या आवाजाची मैफल म्हणून गिनीजच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली.

चव्वेचाळीस वर्षांना थोडे महिने कमी इतका काळ न बोललेला गुरू आणि कानठळ्या बसवणारा चेला. भाविक या जोडीकडे कौतुकाने पाहतात: बघा, इतक्या गोंगाटातला माणूससुद्धा शेवटी शांतीकडे वळला. मेटलवाले उलट नाक मुरडतात, टाउनशेंड बाबाच्या नादी लागला आणि मवाळ झाला म्हणतात. मला दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात, कारण आवाज आणि मौन ही दोन टोकं आहेत हे दोघांनीही गृहीत धरलंय. जड संगीतातल्या उत्तम कलाकृती एकापाठोपाठ ऐकल्या, पाहिल्या, वाचल्या, की वेगळंच दिसतं. त्यांच्या मध्यभागी बहुतेक वेळा ज्याला बोलताच येत नाही असा माणूस बसलेला असतो.

‘टॉमी’ हा ‘द हू’चा अल्बम मे १९६९मध्ये आला, बाबा गेल्यावर चार महिन्यांच्या आत. अल्बमच्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचं नाव आहे. त्याचा नायक एक मुलगा. डोळ्यांदेखत घरात खून होतो आणि तू काही पाहिलं नाहीस, ऐकलं नाहीस, कुणाला सांगायचं नाहीस, असं आईबाप त्याला बजावतात. मुलगा ते शब्दशः पाळतो. त्याची दृष्टी, श्रवण आणि वाचा तिन्ही मिटतात. एकोणीस वर्षांनी, १९८८मध्ये, मेटॅलिका या बँडच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बमवर ‘वन’ हे गाणं आलं, त्यातही तोच माणूस आहे. डाल्टन ट्रम्बोच्या १९३९च्या ‘जॉनी गॉट हिज गन’ या कादंबरीतला हा पहिल्या महायुद्धातला सैनिक. तोफगोळ्याने त्याचे हातपाय आणि चेहरा नेलेत, मेंदू तेवढा शाबूत आहे. मग तो उशीवर डोकं आपटून मोर्सच्या सांकेतिक लिपीत बोलू लागतो. गाणं नाजूक, जवळजवळ हळव्या गिटारीने सुरू होतं आणि शेवटाकडे दोन्ही पायांनी वाजवलेले ड्रम मशीनगनसारखे कोसळतात. मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा असं मानणाऱ्याला मी हेच गाणं ऐकवतो. इथे आवाज वाढतो तो बिछान्यातल्या माणसाला ओरडता येत नाही म्हणून.

मेहेरबाबांचं मौन या रांगेत सरळ बसत नाही, हे मान्य. ते लादलेलं नव्हतं, स्वतः धरलेलं होतं. पण बाबाही गप्प नव्हते. १९२७पासून इंग्रजी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून ते बोलत, १९५४मध्ये पाटीही सोडली आणि नुसत्या खुणांवर आले. ‘गॉड स्पीक्स’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ १९५५चा. मी भक्त नाही. तक्त्यांनी आणि अवस्थांच्या उतरंडींनी भरलेलं ते पुस्तक मला बऱ्याच ठिकाणी जड गेलं. तरी एकेक अक्षर दाखवून सांगणाऱ्याला फापटपसारा परवडत नाही हे त्याच्या वाक्यांत जाणवतं, आणि तो गुण चांगल्या रिफमध्येही, गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यातही, असतो. ब्लॅक सबाथ या बँडच्या पहिल्या अल्बमवरचं (१९७०) पहिलं गाणं ऐका. पाऊस, घंटा, मग तीन स्वर. गिटारवादक टोनी आयोमी त्या स्वरांमध्ये जी मोकळी जागा सोडतो, भीती तिथून आत शिरते.

सिनेमाला ही जागा सोडणं फार क्वचित जमलंय. केन रसेलने १९७५मध्ये ‘टॉमी’ पडद्यावर आणला. टीना टर्नर, एल्टन जॉन, उकडलेल्या वालांच्या लोंढ्यात लोळणारी ॲन-मार्गरेट, सगळं डोळे दिपवणारं. पण मुलाला ऐकू येत नाही, हे त्या चित्रपटाला एक मिनिटही जाणवत नाही. स्वतः ट्रम्बोने १९७१मध्ये आपल्या कादंबरीवर केलेला चित्रपट अधिक प्रामाणिक आहे, थोडा भाषणबाज असला तरी. खरं काम झालं ते ‘साउंड ऑफ मेटल’मध्ये (२०१९). बहिरा होत चाललेल्या ड्रमरच्या कानांत आपल्याला बसवलं जातं. यंत्र बसवून परत मिळालेला आवाज पत्र्यावर घासल्यासारखा येतो. उत्कृष्ट ध्वनीचं ऑस्कर एखाद्या चित्रपटाला इतक्या योग्य कारणासाठी क्वचित मिळालं असेल.

इथे कुणी विचारेल, मग मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती काय वाईट? पेट्या त्याच, डेसिबलही तेवढेच. माझं उत्तर असं की त्या भिंतीला चढ-उतार नसतो. सुरू झाली तेव्हा जेवढी होती तेवढीच ती बंद होताना असते. शिवाय तिकीट काढून आलेल्याने कान स्वतः पुढे केलेले असतात. नगरच्या माळीवाड्यातल्या घरात झोपलेल्या म्हाताऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. या बाबतीत मेटलवाल्यांनाही सूट नको. टाउनशेंडची श्रवणशक्ती ढासळली, आणि त्याचा दोष त्याने मंचापेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनला दिला. रात्री दारं लावून, हेडफोन चढवून आपलं शौर्य गाजवणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावं.

टाउनशेंडच्या भक्तीचं उत्तम फळ म्हणून ‘हू केम फर्स्ट’ (१९७२) या त्याच्या एकट्याच्या अल्बमकडे बोट दाखवलं जातं. त्यात बाबांच्या प्रार्थनेवर बेतलेलं ‘परवरदिगार’ आहे. गोड आहे, नीटनेटकं आहे, आणि मला दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटत नाही. त्यापेक्षा ‘द हू’चं १९७१चं ‘बाबा ओरायली’ हे गाणं मला जवळचं; त्याच्या नावात मेहेरबाबा आहेत, सोबत टेरी रायली हा संगीतकारही. सुरुवातीला ऑर्गनचे स्वर स्वतःभोवती फिरत राहतात आणि गिटार बराच वेळ अडवून धरली जाते. ती कोसळते तेव्हा त्या धरून ठेवण्याचं वजन कळतं. भजनात टाळ संथ लयीत घोळवत ठेवून मग एकदम चढवतात, ते ज्याने अनुभवलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तरी माझ्या यादीत पहिला ‘टॉमी’च, आणि तो शेवटासाठी. मुलगा बरा होतो, लोक त्याला अवतार मानू लागतात, आश्रमासारखी छावणी उभी राहते, वस्तू विकल्या जातात. मग तो अनुयायांना फर्मावतो: डोळे झाका, कानांत बोळे घाला, तोंडाला बूच लावा, म्हणजे मला सापडलं ते तुम्हालाही सापडेल. अनुयायी बंड करून त्याला झुगारून देतात. मौनाचा संप्रदाय केला की काय होतं याची इतकी रोखठोक कथा बाबांच्या एखाद्या टीकाकाराने लिहिली असती तर नवल नव्हतं. ती लिहिली त्यांच्या शिष्याने, आणि अवतार म्हणून त्यांचं नाव त्याच अल्बमवर छापलं.