गळणं आणि गाळणं

मागच्या वर्षी नोकरी गेली, ती बातमी डोक्याच्या आधी पायांना कळली. व्हिडिओ कॉल जेमतेम दहा मिनिटांचा. एचआरची बाई 'रीस्ट्रक्चरिंग' म्हणाली आणि गुडघ्यांखाली काही उरलंच नाही. डोकं मात्र अजून विचारत होतं, लॅपटॉप कुरिअरनं पाठवायचा की नेऊन द्यायचा?

पुढचे तीन आठवडे पुण्यातल्या फ्लॅटवर नुसता पडून होतो. रेझ्युमेची फाईल उघडी, कर्सर लुकलुकतोय आणि हात कीबोर्डपर्यंत जात नाहीत. आई फोनवर म्हणायची, "हातपाय गाळून बसू नकोस रे." मला राग यायचा. मी गाळले नव्हते, ते गळाले होते.

फरक एका कान्याचा. धीर सुटतो आणि धीर सोडतो, यातही तोच. एक घडतं, दुसरं आपण करतो. आणि दोष चिकटतो तो दुसऱ्यालाच. मग निराश होणं हा दोष आहे की नाही?

१९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. (आज ते वाचवत नाहीत.) काही कुत्र्यांना विजेचे झटके थांबवता येत होते, काहींना काही केल्या नाही. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. दुसऱ्या गटातले बरेच कुत्रे जागचे हललेच नाहीत. कण्हत पडून राहिले. याला नाव मिळालं 'शिकलेली असहायता'.

गंमत पुढे आहे. २०१६ मध्ये याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. त्रास लांबला की गळून पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते, आमच्या भाषेत डिफॉल्ट सेटिंग. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: आपल्या हालचालीनं काही बदलतं, ही. त्या कुत्र्यांना शेवटी दोरीनं ओढत पलीकडे न्यावं लागलं होतं, पुन्हा पुन्हा. हळूहळू दोरीला जोर कमी लागत गेला आणि मग ते आपणहून जाऊ लागले.

माझी दोरी म्हणजे रूममेट. त्यानं ना समजूत घातली, ना लिंक पाठवल्या. "चप्पल घाल, दूध आणायचंय," एवढंच. चौथ्या दिवशी जिना चढताना धाप लागली आणि रात्री चक्क भूक लागली. आशा मला पहिल्यांदा कळली ती अशी, पोटात.

पण पाचव्या दिवशी पाय चालत असूनही मी झोपेचं सोंग घेतलं. ते गाळणं होतं, माझं मला माहीत आहे. बाहेरून दोन्ही अगदी सारखीच दिसतात. आईला फोनवरून कुठून कळणार? आणि कळत नसेल, तर आधी दोष द्यायचा की दोरी, एवढंच ठरवायचं उरतं.

परवा जुन्या टीममधल्या मित्राची नोकरी गेली. मेसेजवर 'बरा आहे' म्हणाला. मी 'हातपाय गाळू नकोस' असं टाईप केलं, पुसलं आणि गाडी काढली. त्याच्या बिल्डिंगखालून फोन केला, "खाली ये, चहा घेऊ."

"दहा मिनिटांत येतो," म्हणाला. पंचवीस झाली. मी गाडी स्टँडवर लावली आणि कट्ट्यावर बसलो.