विश्वासाची ठेव

दुसऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेले द्रव्य जो परत करीत नाही, त्याला जग चोर म्हणते. परंतु विश्वासाने सांगितलेली गोष्ट जो चारचौघांत उघड करतो, त्याला कोणी चोर म्हणत नाही. उलट ती ऐकण्यासाठी लोक त्याच्याभोवती जमतात. धर्मदृष्टीने पाहता या दोघांत अंतर आहे काय? विद्यार्थी गुरुजींजवळ, दुःखी मनुष्य समुपदेशकाजवळ, मूल आपल्या आईजवळ जे मन मोकळे करते, ते ऐकणाऱ्याच्या मालकीचे होते की सांगणाऱ्याचेच राहते? आणि ते कोणत्याही प्रसंगी बाहेर जाऊ नये काय? प्रत्येक गृहस्थास केव्हा ना केव्हा या प्रश्नांना सामोरे जावे लागते.

मनुस्मृतीत व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत ऋणादानानंतर लगेच निक्षेप, म्हणजे ठेव, आणि त्यानंतर अस्वामिविक्रय, म्हणजे आपल्या मालकीची नसलेली वस्तू विकणे, अशी पदे येतात. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचा विचार आहे. आत काय आहे हे न सांगता बंद पात्रात घालून जी वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली जाते ती उपनिधी; ती जशी घेतली तशीच परत केली पाहिजे. शास्त्रकारांनी हे द्रव्यासंबंधी सांगितले असले तरी मनातील गुजालाही तो न्याय लागू पडतो. विद्यार्थ्याने रडत रडत सांगितलेली घरची भांडणे जो शिक्षक दुपारी चहा घेताना सहकाऱ्यांना सांगतो, तो अस्वामिविक्रयच करीत असतो. त्या विक्रीचे मोल म्हणून त्याला श्रोत्यांचे कुतूहल मिळते. विद्यार्थी मात्र पुन्हा कोणापुढेही तोंड उघडत नाही.

विद्येच्या क्षेत्रात हा प्रश्न नवा नाही. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम हारिद्रुमत गौतमांकडे ब्रह्मचर्यासाठी गेला, तेव्हा गुरूंनी त्याचे गोत्र विचारले. आपले गोत्र आईलाही ठाऊक नाही, ही गोष्ट त्याने जशी होती तशी सांगितली. गुरूंनी ती ऐकून त्याची अवहेलना केली नाही. त्याच्या सत्यनिष्ठेवरून त्याची योग्यता ओळखली आणि त्याचे उपनयन केले. गुरूंनी जे विचारले ते उपनयनासाठी आवश्यक होते आणि जे कळले ते शिष्याच्या हितासाठीच वापरले. आजही शाळा मुलाच्या घरची परिस्थिती, आजार, पालकांचे उत्पन्न यांची माहिती घेते. जे विचारण्याचे प्रयोजन नाही ते विचारू नये आणि ज्या प्रयोजनासाठी विचारले त्याबाहेर ते वापरू नये, हाच या कथेतून निघणारा नियम होय.

यावर कोणी म्हणेल, सत्य सांगणे हा धर्म असताना ठाऊक असलेली गोष्ट लपविणे हे पाप नव्हे काय? या शंकेचे समाधान कर्णपर्वात श्रीकृष्णांनी अर्जुनाला सांगितलेल्या कौशिकाच्या कथेत आहे. नद्यांच्या संगमाजवळ राहणाऱ्या या तपस्व्याचे सदैव सत्य बोलण्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने पळालेले काही लोक जवळच्या वनात लपले. दरोडेखोरांनी विचारताच कौशिकाने त्यांचा ठावठिकाणा सांगितला आणि त्या लोकांची हत्या झाली. शब्द खरे होते, तरी त्या सत्यभाषणाने कौशिकाला नरकास नेले. गीतेच्या सतराव्या अध्यायातील वाणीच्या तपात सत्याला हिताची जोड आहे ती याचसाठी. मौन म्हणजे असत्य नव्हे. विचारणाऱ्याचा अधिकार आणि हेतू न पाहता उत्तर देण्याचे बंधन सत्यव्रत घालीत नाही.

मग मौन हाच सर्वकाळचा धर्म मानावा काय? तसेही नाही. उद्योगपर्वात श्रीकृष्णांनी कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगितले, तेव्हा हे युधिष्ठिराला कळू देऊ नये अशी विनंती कर्णाने केली. श्रीकृष्णांनी ती पाळली. परंतु युद्धानंतर जलदानाच्या वेळी कुंतीच्या तोंडून हे रहस्य बाहेर पडले, तेव्हा आपल्याच ज्येष्ठ भावाचा वध झाला हे कळून युधिष्ठिर शोकाने व्याकुळ झाला. गुज राखणे धर्म्य असले तरी त्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, हे राखणाऱ्याने विसरू नये.

ही किंमत एखाद्याचा प्राण असेल तर? अर्वाचीन काळात अमेरिकेत हाच प्रश्न न्यायालयापुढे आला. १९६९ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात भारतातून गेलेल्या एका विद्यार्थ्याने तेथील मानसोपचारतज्ज्ञाला सांगितले की, एका तरुणीला ठार मारण्याचा त्याचा विचार आहे. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. त्यांनी विद्यार्थ्याची चौकशी करून, तो शुद्धीवर आहे असे मानून, त्याला सोडून दिले. तातियाना तारासॉफ या तरुणीला किंवा तिच्या आईवडिलांना मात्र कोणीच सावध केले नाही, आणि २७ ऑक्टोबर १९६९ रोजी तिची हत्या झाली. तिच्या आईवडिलांनी लावलेल्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली असा निर्णय दिला की, रुग्णापासून दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी योग्य ती काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. त्याच निकालात भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी इशारा दिला की, गुप्ततेची खात्री गेली तर ज्यांना उपचाराची सर्वाधिक गरज आहे तेच उपचाराला येणार नाहीत. हा इशाराही पोकळ नाही. म्हणूनच गुप्तता मोडण्याचा प्रसंग अपवादच राहिला पाहिजे.

भारतातील कायदाही या दोन्ही बाजू जाणतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने रुग्णाला गुप्ततेचा अधिकार दिला आणि दुसऱ्यास होणारी इजा किंवा जिवाचा धोका टाळण्यासाठी त्याला अपवादही ठेवला. मुलांच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा अधिक स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल, त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणे हा दंडनीय अपराध आहे. हाच कायदा वृत्तपत्रांना त्या मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतो. रक्षण करू शकणाऱ्याला सांगणे आणि जगापासून झाकणे, ही दोन्ही कर्तव्ये येथे एकत्र नांदतात.

यावरून ऐकणाऱ्याने काही गोष्टी मनाशी ठरवून ठेवाव्यात. पहिली, ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन गोष्ट ऐकण्यापूर्वी देऊ नये. ‘तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका नसेल तोवर ही गोष्ट माझ्यापाशीच राहील’ एवढेच म्हणावे. त्यामुळे पुढे विश्वासघाताचा दोष लागत नाही. दुसरी, सांगण्याची वेळ आलीच तर, धोका वाढणार नसेल तेथे, प्रथम त्या मुलालाच विश्वासात घ्यावे. आपल्या पाठीमागे आपली गोष्ट फिरली, हे दुःख मूळ दुःखाहून खोल जाते. तिसरी, जो रक्षण करू शकतो त्यालाच आणि रक्षणापुरतेच सांगावे. सामान्यतः हा अधिकार आईवडिलांचा. परंतु भय घरातूनच असेल तर घरी सांगणे म्हणजे कौशिकाचीच चूक पुन्हा करणे होय.

आईवडिलांनाही येथे संयम हवा. मुलाची वही चोरून वाचणे, त्याचा भ्रमणध्वनी चाळणे, समुपदेशकाकडे प्रत्येक शब्दाचा हिशेब मागणे, हे प्रेमापोटी होत असले तरी त्याने मुलाचे मन बंद होते. मूल दुसऱ्या कोणा सज्जनाजवळ बोलते यात पालकांचा पराभव नाही. त्याच्या मनात काय आहे ते सर्व कळण्यापेक्षा, संकटात ते कोणाजवळ तरी बोलेल ही खात्री अधिक मोलाची आहे.

गीता हीसुद्धा एका व्याकूळ मनाने आपल्या सख्याजवळ केलेल्या निवेदनापासूनच वाढली आहे. श्रीकृष्णांनी ते ऐकले, गुह्य ज्ञान सांगितले आणि शेवटी निर्णय अर्जुनावर सोपविला. ते ज्ञान कोणाला सांगू नये, हेही त्यांनी अठराव्या अध्यायात स्पष्ट केले. दहाव्या अध्यायात तर गुह्यांतील मौन ही आपलीच विभूती म्हटली आहे. ज्याच्याजवळ कोणी मन मोकळे करतो, त्याच्याकडे त्या विभूतीचा काही अंश सांभाळावयास आलेला असतो. तो त्याने ठेवीप्रमाणे जपावा, आणि बोलणे भागच पडले तर ज्याचे रक्षण करावयाचे आहे त्याला स्मरून बोलावे.