राहिलेलं एक काज

जरा टेका. खांदे सैल सोडा.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

समोर शिंप्याचं लांब टेबल आहे. त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. रेशमी साटीन, त्यावर भरलेली खसखशीची फुलं, मधूनमधून कॉर्नफ्लॉवर.

नुसतं पाहा.

गाव इंग्लंडमधलं ग्लॉस्टर. बाहेर बर्फ. नाताळची सकाळ. आज महापौरांचं लग्न, आणि हे जाकीट त्यांचं.

बीट्रिक्स पॉटर यांच्या ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’ या १९०३ सालच्या गोष्टीतलं. शिंपी म्हातारा, गरीब, तापाने पडलेला. जाकीट रातोरात उंदरांनी शिवलं. तूर्त एवढं पुरे.

नजर हळूच काजांवर आणा.

चेरीच्या रंगाचं पीळदार रेशीम. एक काज. त्याखाली दुसरं. एकेकापाशी थांबा.

काज म्हणजे आधी एक चीर. मग कडेला सुई वर येते, दोरा सुईभोवती फिरतो, ओढला जातो. कडेवर गाठ बसते. तिला चिकटून दुसरी. तिला चिकटून तिसरी. या गाठी नसल्या तर गुंडी जाता-येता कापडाचे धागे मोकळे करत राहते.

ऐका. साटिनीतून दोरा सरकतोय.

पुन्हा एक श्वास.

काजं एकवीस हवीत. खाली या. आणखी खाली.

एक राहिलंय.

तिथे टाचणीने अडकवलेला कागदाचा चिटोरा. बारीक, अगदी बारीक अक्षर. दोरा संपला, एवढंच कळवलंय.

इथे थांबा.

या न शिवलेल्या जागेकडे पाहा. मन लगेच सुई घेऊन धावेल. धावू द्या. तुम्ही इथेच राहा.

श्वास आत. श्वास बाहेर.

खरं तर दोरा संपलेलाच नाही. घरच्या बोक्याने पकडलेले उंदीर शिंप्याने सोडून दिले, त्या रागात बोक्याने रेशीम चहाच्या किटलीत लपवलंय. सकाळी शिंपी डोळे उघडतो. गोधडीवर रेशमाची लड, शेजारी ओशाळलेला बोका.

उंदरांच्या करामतीपेक्षा मला ही लड आवडते. म्हाताऱ्याच्या हाताला एक काज उरलं.

त्या हाताकडे पाहा. ताप उतरलेला, अशक्त हात. सुईत दोरा ओवतोय.

घाई करू नका. त्याला ओवू द्या.

पॉटर यांनी चित्रांसाठी खरे कपडे पाहिले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, अठराव्या शतकातली भरतकामाची जाकिटं होती. काचेच्या कपाटात, अडचणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. पॉटर कितीतरी दिवस तिथेच उभ्या राहून बघत. कपडे बाहेर काढून दाखवतात, हे त्यांना पुढे कळलं. मग त्यांनी ते जवळून चितारले, टाक्यांसकट.

आता तुमचा हात. अंगातल्या सदऱ्याच्या एका काजावर बोट ठेवा. कड चाचपा. गाठी लागतात?

थोडा वेळ तिथेच राहा.

घरात एखादं जुनं जाकीट असेल, आजोबांचं, कुणाच्या लग्नातलं, तर कपाटातून काढा. खिडकीशी न्या. काजं एकेक करून पाहा, आणि एखादं उसवलेलं निघालं तर सुई-दोरा घेऊन बसा.