दुसरा स्पर्श

बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट मार्काच्या आठव्या अध्यायांत आहे. प्रभूनें एकदां हात ठेविले, तरी त्यास स्पष्ट दिसेना. दुसऱ्यानें ठेविले, तेव्हां दिसूं लागलें. त्या अर्धवट दिसण्याबद्दल प्रभु त्यास रागें भरला नाहीं. उलट, काय दिसतें, हें त्यानें आपण होऊन विचारिलें.

आमच्या मंडळींतील एका वडील बंधूंच्या मेंदूंतील धमनीस फुगा येऊन तो फुटला. शस्त्रक्रियेनें प्राण वाचले. १९३७ सालीं बाल्टिमोर येथें डॉ. वॉल्टर डँडी यांनीं अशा फुग्याच्या मुळाशीं चिमटा बसविला. आतां पुष्कळदां जांघेंतील धमनींतून बारीक नळी नेऊन प्लॅटिनमच्या तारेच्या वेटोळ्यांनीं फुगा आंतून भरितात. टांके निघाले, बंधु घरीं आले, आणि लोकांस वाटलें कीं सर्व झालें. पण मळणी झाली म्हणजे धान्य कणगींत पडलें असें नव्हे.

त्यांस प्रभूची प्रार्थना येते. सकाळीं कोण आलें होतें हें दुपारीं आठवत नाहीं. एकदां, काल शेतावर जाऊन आलों, असें त्यांनीं आम्हांस सांगितलें. ते तर खाटेवरून उठलेही नव्हते. पत्नीनें डोळ्यांस पदर लावून विचारिलें, "पाळकसाहेब, हे लबाड बोलतात, हें पाप नव्हे काय?" नव्हे. मेंदूच्या पुढल्या भागीं दोन धमन्यांस जोडणारी एक लहान शीर असते. तेथील फुगा फुटल्यावर कधीं कधीं स्मरणांत भोंकें पडतात, आणि मन तीं हातीं येईल त्यानें बुजवितें. सांगणाऱ्यास तें खरेंच वाटतें. फसविण्याची इच्छाच नाहीं, तेथें नवव्या आज्ञेचा भंग कसा? हें आम्हांसही उशिरा कळलें. प्रथम आम्हींच त्यांचें बोलणें चारचौघांत खोडून काढिलें होतें; त्याची आम्हांस लाज वाटते.

इंग्लंडांतील नटी एमिलिया क्लार्क ह्यांस २०११ सालीं, ऐन तारुण्यांत, असाच रक्तस्राव झाला. उपचारानंतर कांहीं दिवस स्वतःचें नांवही सांगतां येईना. वाचा परतली, व त्या पुन्हां कामास लागल्या. सर्वांचें असेंच होईल, असें वचन आम्ही देत नाहीं. पहिल्या कांहीं महिन्यांत सुधारणा पुष्कळदां लवकर दिसते, मग मंदावते. थकवा तर फार दिवस राहतो.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, त्या घरीं दहाजण मिळून जाऊं नका. "ओळखलेंत का?" अशी परीक्षा घेऊं नका, आपलें नांव आपणच सांगा, आणि वार व नांव पाटीवर लिहून ठेवा. कोणी भूतबाधा म्हणेल, त्यास दवाखान्याचा कागद दाखवा.

गेल्या रविवारीं त्यांनीं आम्हांस तिसऱ्यानें नांव विचारिलें. आम्ही सांगणार, इतक्यांत त्यांनीं पाटीकडे पाहून स्वतःच वाचिलें.