हरभरे, मोहरी आणि काच

‘काच हा अतिशय संथ वाहणारा द्रव आहे, म्हणूनच जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात.’ मैंदर्गीतल्या एका विज्ञान-प्रदर्शनात हे वाक्य तक्त्यावर ठळक लिहिलेले होते. शेजारी बरणीत हरभरे आणि त्यांच्या फटींत ओतलेली मोहरी. खाली खुलासा: मोठ्या कणांमधली जागा लहान कणांनी भरली की हालचाल थांबते आणि काच तयार होते. मुलांनी मन लावून काम केले होते. माझी तक्रार आहे ती त्यांच्या हाती असले खुलासे देणाऱ्या पुस्तकांबद्दल. पहिले वाक्य चूक असले तरी खोडायला सोपे आहे. दुसरे जास्त घातक, कारण ते ऐकताक्षणी पटते.

पहिल्याचा निकाल लवकर लागतो. जुन्या तावदानांची जाडी कमीजास्त असायची ती बनवण्याच्या पद्धतीमुळे. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मध्ययुगीन काचेसारख्या काचेवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ती काच अब्जभर वर्षांत फार तर नॅनोमीटरभर वाहील.

काचेच्या धंद्यात मिश्रण हाच पहिल्यापासून गाभा आहे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना असो की ‘प्रभाकर’ कंदील करणारी ओगलेवाडी, वाळूत सोडा घातला की ती कमी उष्णतेत वितळते आणि चुना घातला की काच पाण्यापुढे टिकते, यावरच सगळा व्यवहार. मिश्रणाची ही बाजू विज्ञानात मात्र उशिरा, आणि अर्धवटच, ओळखली गेली.

ही ओळख झाली ती कलिलांत, म्हणजे सूक्ष्म कण तरंगत असलेल्या द्रवांत. ब्राउन, आइन्स्टाइन, पेरँ यांच्यामुळे असे कलिलकण रेणूंच्या धक्क्यांनी सतत हलतात हे पक्के झाले. १९५७ मध्ये आल्डर आणि वेनराइट यांनी संगणकावर दाखवले की एकमेकांना न ओढणारे नुसते कडक गोळेही पुरेसे दाटले की आपोआप स्फटिकासारखे रचले जातात. १९८६ मध्ये पीटर प्यूसी आणि विल्यम व्हॅन मेगेन यांनी प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांवर ते प्रत्यक्ष पाहिले: गोळ्यांनी ४९.४ टक्के जागा व्यापली की स्फटिक सुरू, ५४.५ टक्क्यांपर्यंत पूर्ण, आणि सुमारे ५८ टक्क्यांपुढे नमुना विस्कळीत अवस्थेतच अडकलेला. प्रत्येक कण शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात. कलिलांची काच ती हीच.

इथवर कुणाचा वाद नाही. गोंधळ सुरू होतो तो दुसऱ्या आकाराचे कण आल्यावर. सगळे गोळे एकाच मापाचे असले की ते फार सहज स्फटिकतात, म्हणून काच अभ्यासायची तर दोन मापे मिसळायची, ही सोय रूढ झाली. कोब आणि अँडरसन यांचे १९९५ चे संगणकीय मिश्रण, ८० ला २०, आजही जगभर वापरले जाते. त्यामुळे दुसरे माप म्हणजे स्फटिक टाळायची युक्ती, असा समज बसला. माझ्या मते विषयाचे सर्वांत मोठे नुकसान याच समजाने झाले.

त्याच १९९५ मध्ये इम्होफ आणि डोंट यांनी सुमारे नऊपट फरकाच्या सिलिका-कणांवर प्रयोग केले. काही मिश्रणांत मोठे कण गोठले होते आणि लहान त्यांच्या मधून फिरत होते. एकाच नमुन्यात एक जात काच, दुसरी द्रव. २००१ मध्ये विल्यम्स आणि व्हॅन मेगेन यांनी एकूण व्यापलेली जागा तीच ठेवली आणि काही मोठ्या कणांच्या जागी ०.६ पट मापाचे कण घातले. काच वितळली.

बरणीतला खुलासा इथे उलटा पडतो. फटी भरल्या जातात हे खरेच आहे. पण त्याचा अर्थ असा की मिश्रण जास्तीत जास्त जितके दाटू शकते ती मर्यादाच वर सरकते. मग त्याच ५८ टक्क्यांवर कणांना हलायला उलट अधिक वाव मिळतो. शिवाय बरणीतले दाणे रेणूंच्या धक्क्याने हलत नाहीत, कलिलकण हलतात, आणि काचेचा सगळा प्रश्न त्या हालचालीचा आहे.

पण लहान कण नेहमी मोकळीक देतात, असेही नाही. मापे जवळजवळ सारखी असली, समजा ०.८ पट, तर सिद्धांतानुसार मिश्रण किंचित अधिक जखडते. फरक फार मोठा असला तर १९५४ साली असाकुरा आणि ऊसावा यांनी सांगितलेला परिणाम दिसतो: मोठे कण एकमेकांना चिकटले की लहानांना हिंडायला जागा वाढते, म्हणून मोठ्यांत जणू ओढ निर्माण होते. २००२ मध्ये एडिनबरोच्या गटाने लहान कणांऐवजी बहुवारिकाची गुंडाळलेली साखळी घालून पाहिली. थोडी घातली तर काच वितळली, आणखी घातली तर पुन्हा गोठली. पहिल्या काचेत कण शेजाऱ्यांच्या गर्दीने अडले होते, दुसरीत ओढीने बांधले गेले होते. घनता तेवढीच, काचा दोन.

म्हणून ‘गर्दी झाली, सगळे थांबले’ हे काचेचे स्पष्टीकरण म्हणून मला मान्य नाही. बंगळुरूच्या सूद आणि गणपती यांच्या गटाने दोन मापांच्या कलिलांत काही कण प्रकाशाच्या चिमट्यांनी जागीच धरून, शेजाऱ्यांच्या हालचालीवर त्याचा परिणाम किती अंतरापर्यंत पोचतो हे मोजले. एकेका कणाकडे बघू शकणाऱ्या अशा प्रयोगांकडून माझी मागणी एवढीच आहे, की लहान कणांची आणि मोठ्यांची चाल सरासरीत विरघळू न देता दर वेळी वेगळी छापावी.